दगडाखालचे तारे

दोस्तांनो, ‘लक्षद्वीप’ या नावाचा अर्थ सांगा पाहू! लक्ष म्हणजे लाख आणि द्वीप म्हणजे बेट. म्हणजेच लाख बेटांचा प्रदेश! पण भूगोलाच्या पुस्तकात बघाल, तर तिथं बेटांचा आकडा असतो अवघा 36. त्यांतल्याही 10 बेटांवरच माणसं राहतात. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली, तरी ती भरते सुमारे 32 चौरस किलोमीटर. तुम्ही म्हणाल, ही तर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशातली गत झाली!

पण इतक्यात निकाल देऊ नका. लक्षद्वीपची खरी श्रीमंती जमिनीवर नाहीच मुळी. ती आहे पाण्याखाली. आणि आज आपण तिथं जाणार आहोत ते एका अशा प्राण्याला भेटायला, ज्याच्या नावानं भल्याभल्यांना चकवलं आहे. मग निघायचं?

सह्याद्रीचं नातं

लक्षद्वीपला जायला केरळातल्या कोचीला पोचता येतं. तिथून जहाजानं किंवा विमानानं पुढं. विमान उतरतं अगत्ती नावाच्या चिंचोळ्या बेटावर. खिडकीतून खाली बघाल तर वाटेल, निळ्या पाटीवर कुणी खडूची रेघ ओढली आहे आणि तिच्यावरच आता आपण उतरणार! बेटांवर जायला सरकारी परवाना लागतो. तो आधीच काढून ठेवायचा.

ही बेटं तिथं आली कशी, ठाऊक आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून लाव्हा उसळला आणि थरावर थर साचत आपला दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. रायगड, राजगड, सिंहगड ज्यावर उभे आहेत, तोच. जमिनीखालचा तो तप्त झरा जागच्या जागी राहिला. पण त्याच्यावरून भारतीय भूखंड मात्र उत्तरेकडे सरकत गेला. मग झऱ्यानं समुद्राच्या तळावर आणखी एक लांबच लांब डोंगररांग उभी केली. त्या बुडालेल्या रांगेच्या माथ्यावर पोवळ्यांनी, म्हणजे प्रवाळांनी, पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधली आणि त्यातून लक्षद्वीप वर आलं. आहे की नाही आपलं आणि लक्षद्वीपचं जुनं नातं!

बेटाच्या एका बाजूला असतं उथळ, शांत, हिरवट-निळं पाणी. त्याला लगून म्हणतात. लगूनच्या पलीकडं प्रवाळांची भिंत असते आणि तिच्यावर बाहेरच्या समुद्राच्या लाटा फुटत असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत ओहोटी मोठी लागते. पाणी मागं हटतं आणि एरवी बुडालेला खडकाळ सपाट भाग उघडा पडतो. आपल्याला जायचंय ते तिथंच.

पायांत जाड तळाचे बूट हवेत. सोबत जाणकार स्थानिक माणूस हवा. आणि पाऊल टाकायचं ते वाळूवर किंवा मेलेल्या खडकावर, जिवंत प्रवाळावर कधीच नाही. तो दगडासारखा दिसतो खरा, पण असतो प्राणी!

दगड उचला, हळूच!

समोरच्या डबक्यात एक सुटा दगड आहे. दोन्ही हातांनी तो अलगद कलता करा. दिसलं काही? काहीतरी वळवळलं आणि सर्रकन दुसऱ्या दगडाखाली शिरलं! साप? नाही. गोगलगाय? छे, गोगलगाय इतकी चपळ कुठली!

नीट बघा. मधोमध एक गोल चपटी तबकडी आहे, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. तिला फुटलेत पाच लांब, बारीक, लवचीक हात. प्रत्येक हात सापाच्या शेपटीसारखा नागमोडी वळतोय. यालाच इंग्रजीत ‘ब्रिटल स्टार’ म्हणतात, म्हणजे ठिसूळ तारा. आपण त्याला भंगुरतारा म्हणू.

तुम्हाला वाटेल, हा तर तारामासा! तर नाही. तो तारामाशाचा चुलतभाऊ. दोघंही कंटकचर्मी प्राण्यांच्या संघातले. समुद्रसाही, म्हणजे सी-अर्चिन, आणि समुद्रकाकडी हेही त्याच संघातले. पण तारामाशाचे हात मधल्या भागापासूनच रुंद होऊन निघतात. हात कुठं सुरू झाला आणि अंग कुठं संपलं, ते सांगता येत नाही. भंगुरताऱ्याची तबकडी वेगळी आणि हात वेगळे, अगदी पेन्सिलनं आखून दाखवता येतील इतके वेगळे!

चालणंही निराळं. तारामासा पोटाखालच्या शेकडो नलिकापादांवर, म्हणजे नळीसारख्या इवल्या पायांवर, मुंगीच्या पावलानं सरकतो. भंगुरतारा मात्र हातांनीच वल्ही मारल्यासारखा पुढं जातो. त्याच्या हातात आपल्या पाठीच्या कण्यासारखे मणक्यांचे तुकडे ओळीनं जोडलेले असतात, म्हणून हात असा वळतो. गंमत म्हणजे त्याला ‘पुढं’ आणि ‘मागं’ असं काही नसतंच. दिशा बदलायची झाली तर आपल्यासारखं वळायचं कशाला? जो हात त्या दिशेला असेल, तोच आता पुढचा! 2012 साली एका अमेरिकन संशोधकानं चित्रफितींवरून हे बारकाईनं दाखवून दिलं.

आणि नावात ‘भंगुर’ का? शत्रूनं हात पकडला, तर हा पठ्ठ्या तो हातच तोडून देतो आणि पळ काढतो! पालीनं शेपूट टाकावं तसं. तुटलेला हात पुढं काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा वाढतो. म्हणून त्याला हाताला धरून कधीही उचलायचं नसतं. तुम्हाला गंमत वाटेल. पण त्याला तो हात पुन्हा उगवायला केवढं अन्न आणि किती दिवस लागतात, याचा विचार करा.

दुकानातली दोन नावं

आता थोडा वेळ लक्षद्वीप सोडून काचेच्या टाकीकडं येऊ या. जगभर पुष्कळ लोक घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतात. तिच्यात दगड, प्रवाळ, रंगीत मासे आणि खेकडे असतात. घरातच एक लहानसा समुद्र! अशा टाकीत भंगुरतारे मोठ्या कामाचे. दिवसा ते दगडाखाली दडून बसतात. रात्री बाहेर येऊन माशांनी टाकलेलं, सांडलेलं अन्न फस्त करतात. थोडक्यात, टाकीचा रात्रपाळीचा सफाई कामगार.

हे तारे विकणाऱ्यांनी त्यांची सरळ दोन भागांत वाटणी करून टाकली. ज्याच्या हातांवर उभे काटे दिसतात, तो ‘ब्रिटल स्टार’. ज्याचे हात गुळगुळीत, सापासारखे दिसतात, तो ‘सर्पंट स्टार’, म्हणजे सर्पतारा. काटेरी तो भंगुर, गुळगुळीत तो साप. ऐकायला किती सोपं, नाही?

पण शास्त्रज्ञांनी या सगळ्यांच्या वर्गाला काय नाव दिलंय, माहीत आहे? ओफियुरॉइडिया. ग्रीक भाषेत ‘ओफिस’ म्हणजे साप आणि ‘ऊरा’ म्हणजे शेपूट. म्हणजे शास्त्राच्या लेखी सगळेच सापशेपटे! काटेरीही आणि गुळगुळीतही. आणि हात तोडून पळण्याची कलाही दोघांना येते. म्हणजे दोन्ही नावं दोघांनाही लागू. मग नावावरून ओळखायचं कसं?

‘त्यात काय एवढं! नावात काय आहे?’ असं कुणी म्हणेल. पण इथं नावावर टाकीतल्या माशांचा जीव अवलंबून असतो, बरं का! कसा, ते बघा.

हिरव्या रंगाचा सापळा

हिंद महासागर आणि प्रशांत महासागराच्या प्रवाळांमध्ये एक देखणा तारा राहतो. शेवाळी हिरवा रंग, हातांच्या कडेला पिवळसर आखूड काटे, मूठभर तबकडी आणि वीतभर लांब हात. त्याचं शास्त्रीय नाव ओफियॅराक्ना इन्क्रासाटा. त्याचे काटे आखूड आहेत, म्हणून त्याला कुणी सर्पतारा म्हणून विकतो; पण काटे दिसतात, म्हणून दुसरा कुणी ब्रिटल स्टार म्हणून विकतो. घेणारा समजतो, ‘तारा तो तारा. सांडलेलं खाईल आणि टाकी साफ ठेवील.’

लहान असताना हा तसंच वागतो. मोठा झाल्यावर मात्र त्याचं खरं रूप दिसतं. रात्री तो हातांच्या टोकांवर उभा राहतो आणि तबकडी उचलून छत्रीसारखी कमान करतो. एखादा लहान मासा झोपायला आडोसा शोधत असतो. त्याला वाटतं, वा, काय छान गुहा! तो आत शिरतो. तोच छत्री फिरकी घेत खाली येते, हातांचा पीळ आवळला जातो आणि मासा आत अडकतो. जेम्स मॉरिन या अमेरिकन शास्त्रज्ञानं या ताऱ्याच्या अशा शिकारीचं वर्णन 1988 साली प्रसिद्ध केलं.

समुद्रात हे चालायचंच. तिथं जागा मोठी, आडोसे हजार. एक गुहा धोक्याची निघाली तरी मासे दुसरीकडं जातात. पण चार फुटांच्या टाकीत मासा जाणार कुठं? सकाळी टाकीचा मालक मासे मोजतो, तर एक कमी! दुसऱ्या दिवशी आणखी एक कमी! तो गाळणी बघतो, पंप बघतो, पाणी तपासतो. दगडाखालच्या हिरव्या ताऱ्यावर त्याचा संशयच जात नाही, कारण नावावर त्याचा भरवसा असतो.

यात त्या ताऱ्याचा काही दोष आहे का? मुळीच नाही. तो त्याच्या स्वभावानं जगतोय. चुकलं ते माणसाचं बघणं. दोनच खणांचं कपाट करून दोन हजार जातींचे प्राणी त्यांत कोंबायला गेलं, तर असंच होणार. हो, भंगुरताऱ्यांच्या 2,000हून अधिक जाती आज माहीत आहेत!

पाच प्रश्न विचारा

मग ओळखायचं कसं? तुम्ही तपासनीस आहात असं समजा आणि ताऱ्याला पाच प्रश्न विचारा. एक भिंग जवळ असू द्या. तारा टाकीत काचेवर चढला असेल तर फारच छान. त्याची पाठ आणि पोट दोन्ही बघायला मिळतात.

पहिला प्रश्न : काटे कसे आहेत? ‘आहेत की नाहीत’ असं विचारू नका. काटे जवळजवळ सगळ्यांनाच असतात. काही ताऱ्यांचे काटे हाताला चिकटून झोपलेले असतात, म्हणून हात गुळगुळीत वाटतो. काहींचे काटे बाटली धुण्याच्या ब्रशासारखे उभे असतात. ओफिओकोमा या प्रजातीचे काटे असे जाड आणि उभे. ओफिओथ्रिक्सचे काटे तर काचेच्या काडीसारखे आरपार दिसणारे, आणि त्या काट्यांनाही बारीक बारीक दाते!

दुसरा प्रश्न : तबकडीच्या पाठीवर काय आहे? ओफिओकोमाच्या पाठीवर रव्यासारखे दाणे असतात. ओफिओडर्मा या गुळगुळीत हातांच्या प्रजातीच्या पाठीवरही दाणेच असतात. पण ओफिओलेपिस या दुसऱ्या गुळगुळीत ताऱ्याच्या पाठीवर कौलांसारखे खवले दिसतात आणि मोठ्या खवल्यांभोवती लहान खवल्यांची झालर असते. म्हणजे हात दोघांचेही गुळगुळीत, पण पाठ निराळी. लक्षात ठेवा हं, हे पुढं कामाला येणार आहे.

तिसरा प्रश्न : हात किती? पाच असतील असं गृहीत धरू नका. टाकीतल्या दगडांत, स्पंजांत कधी कधी इवले तारे आपोआप दिसू लागतात. त्यांना सहा हात असतील, तर तो बहुधा ओफिॲक्टिस असतो. त्याच्या काही जाती मधोमध दुभंगून एकाचे दोन होतात! तीन हात इकडं, तीन तिकडं, आणि मग दोघंही उरलेले तीन-तीन हात उगवतात. पाच हातांचा आणि मसुराच्या दाण्याएवढा तारा असेल, तर तो ॲम्फिफोलिस असू शकतो. तो जगातल्या बहुतेक समुद्रांत सापडतो आणि आपली पिल्लं अंगातल्या पिशव्यांमध्ये वाढवतो. पुष्कळदा लोक या इवल्यांना ‘मोठ्या ताऱ्यांची पिल्लं’ समजतात. ती पिल्लं नसतात. ते पूर्ण वाढलेले, आपल्याच जातीचे तारे असतात!

चौथा प्रश्न : पोटाकडून काय दिसतं? मधोमध तोंड आणि त्याला पाच जबडे. जबड्यांच्या कडेचे बारीक दाते मोजून, त्यांची मांडणी बघून तज्ज्ञ मंडळी प्रजाती ठरवतात. हातांच्या मुळाशी बारीक फटी असतात. त्यांतून तारा श्वास घेतो. बहुतेक ताऱ्यांना अशा 10 फटी असतात. ओफिओडर्माला मात्र 20! ही त्याची ओळखीची खूणच.

पाचवा प्रश्न : हा जेवतो कसा? हात वर करून पाण्यातले कण टिपतो, तळावरचं उष्टं खातो, की कमान करून वाट बघतो? या प्रश्नाचं उत्तर एका नजरेत मिळत नाही. त्यासाठी रात्री, दिवे मंद करून, शांत बसून बघावं लागतं. पण टाकीतल्या माशांच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच!

‘आणि रंग?’ तुम्ही विचाराल. रंगावर फार विसंबू नका. दूर अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रातला एक तारा दिवसा गडद तपकिरी असतो आणि रात्री फिका, पट्टेदार होतो. याच ताऱ्याच्या अंगावरचे स्फटिक भिंगासारखं काम करतात, असं 2001 साली शास्त्रज्ञांनी मांडलं. पुढं 2018 साली आढळलं, की त्याच्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्या स्फटिकांच्या खाली नसून त्यांच्या मधल्या जागेत आहेत. 2020 साली प्रयोगांतून दिसलं, की डोळे नसतानाही हा तारा उजेडात अंधूक आकार ओळखतो, आणि त्याला त्यात रंग बदलणाऱ्या पेशींची मदत होते. इतकंच काय, आधी ओफिओकोमामध्ये मोडणारा हा तारा 2019 पासून ओफिओमास्टिक्स या प्रजातीत गेला. नव्यानं बघितलं, की जुनं नाव बदलावं लागतं. शास्त्रात त्याची लाज वाटत नाही कुणाला.

कोण कुणाचा भाऊ?

आता खरी गंमत. दुकानदाराची वाटणी घ्या. काटेरी एका घरात, गुळगुळीत दुसऱ्या घरात. मग गुळगुळीत ओफिओडर्मा आणि गुळगुळीत ओफिओलेपिस हे सख्खे भाऊ असायला हवेत, हो ना?

ऑस्ट्रेलियातले टिमथी ओ’हारा आणि त्यांचे सहकारी यांनी जगभरच्या शेकडो जातींचे जनुक तपासले. 2017 साली त्यांनी भंगुरताऱ्यांचे सहा गण मांडले. त्या मांडणीत काय निघालं? गुळगुळीत ओफिओडर्मा बसला काटेरी ओफिओकोमाच्या शेजारी, एकाच गणात! आणि गुळगुळीत ओफिओलेपिस गेला दुसऱ्या गणात, काचेच्या काट्यांच्या ओफिओथ्रिक्सबरोबर! आपण ज्यांना भाऊ समजत होतो ते दूरचे, आणि जे परके वाटत होते तेच जवळचे. म्हणूनच तर दोन गुळगुळीत ताऱ्यांच्या पाठी निराळ्या होत्या!

असं का झालं असेल? डॉल्फिन दिसतो माशासारखा, पण तो पिल्लांना दूध पाजतो. वटवाघूळ उडतं, पण ते पक्षी नाही. सारखं दिसणं म्हणजे सारखं कुळ नव्हे. आखूड, चिकटलेले काटे हेही वेगवेगळ्या घराण्यांत दिसतात. वर्गात दोन मुलांनी सारखेच शर्ट घातले म्हणून ती भाऊ ठरतात का?

मग दुकानातली नावं टाकून द्यायची का? तसंही नाही. ‘काटेरी’ आणि ‘गुळगुळीत’ हे वर्णन म्हणून ठीक आहे. घराच्या दाराचा रंग सांगावा तसं. पण दाराच्या रंगावरून आत कोण राहतं, ते कळत नाही. त्यासाठी दार वाजवावं लागतं, विचारपूस करावी लागते.

भरती येते आहे!

चला, पुन्हा लक्षद्वीपच्या खडकावर. इतक्या वेळात भरती सुरू झाली आहे. पाणी बोटभर वर आलं, की इथं एक फार सुंदर देखावा दिसतो. खडकाच्या फटीफटींतून हात बाहेर येऊ लागतात! एक, दोन, दहा... बघता बघता सगळा खडक हात हलवू लागतो. हा ओफिओकोमा स्कोलोपेन्ड्रिना. येणाऱ्या पाण्यावर जो फेस आणि कचऱ्याचा पातळ थर तरंगत असतो, तो हा तारा हात उलटे करून, नलिकापादांनी पुसून घेतो. दुधावरची साय बोटानं काढावी तशी! तबकडी मात्र फटीत सुरक्षित. पाणी आणखी चढलं, की साय निसटते आणि हात पुन्हा आत.

शेजारच्या फटीत त्याचाच नातलग असेल, ओफिओकोमा एरिनेशियस. अंग काळं कुळकुळीत, आणि नलिकापाद लालसर. नशीब जोरावर असेल तर एखाद्या दगडाखाली फिकट अंगावर गडद नक्षी आणि हातांवर पट्टे असलेला ओफिओलेपिस सुपर्बाही भेटेल. टाकीवाल्यांचा हा आवडता सर्पतारा. आता तुम्ही त्याच्या पाठीवरचे खवले बघाल, आणि फक्त ‘सर्पतारा’ म्हणून थांबणार नाही. बरोबर?

भरतीचं पाणी घोट्यापर्यंत यायच्या आत आपल्याला परत फिरायचं आहे. पण त्याआधी एक काम राहिलंय. उचललेला दगड आठवतोय? तो होता तसाच, त्याच बाजूनं, त्याच जागी परत ठेवायचा. हळूच, कुणाचा हात चिरडणार नाही असा. दगडाच्या खालच्या बाजूला स्पंज, किडे, अंडी असं एक गावच वसलेलं असतं. दगड उलटा पडून राहिला, तर उन्हानं ते सारं गाव मरतं. बघायला आलेल्या प्रत्येकानं एकेक दगड उलटा टाकला, तर वर्षभरात काय उरेल?

आणि सोबत काही आणायचं नाही. तारा नाही, शिंपला नाही, प्रवाळाचा तुकडाही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा. 2001 साली खडक बांधणाऱ्या प्रवाळांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलं. या प्रवाळांवर आधीच मोठं संकट आहे. समुद्राचं पाणी प्रमाणाबाहेर तापलं, की प्रवाळ पांढरे पडतात आणि पुष्कळसे मरतात. लक्षद्वीपला 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी असे तडाखे बसले. प्रवाळ गेला, की त्याच्या फटीत राहणाऱ्यांचं घरही हळूहळू ढासळतं.

आता आई-बाबांसाठीही एक गोष्ट. घरी खाऱ्या पाण्याची टाकी असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर नुसतं दुकानातलं नाव ऐकून प्राणी घेऊ नका. त्याचं शास्त्रीय नाव विचारा. मोठा झाल्यावर तो केवढा होतो आणि काय खातो, ते विचारा. तो कुठल्या समुद्रातून, कसा आणला, तेही विचारा. उत्तर मिळालं नाही, तर न घेतलेलाच बरा. घेतलाच, तर घाई करून पाण्यात टाकू नका. खारेपणा एकदम बदलला तर तारे दगावतात. त्यांच्या पिशवीत टाकीचं पाणी थेंबाथेंबानं मिसळत न्यावं लागतं.

पण तारे बघायला टाकीच हवी असं थोडंच आहे? आणि लक्षद्वीपही लांब वाटत असेल, तर आपल्या कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवरही भंगुरतारे आहेत. पुढच्या सुट्टीत मामाच्या गावाला, रत्नागिरीकडं किंवा मालवणला गेलात, की घरच्या मोठ्या माणसांना घेऊन ओहोटीच्या वेळी खडकावर जा. वही-पेन्सिल न्या. तारा दिसला, तर लगेच नाव लिहू नका. आधी चित्र काढा. काटे झोपलेले की उभे, पाठीवर दाणे की खवले, हात पाच की सहा, ते टिपून ठेवा. नावाची जागा रिकामी सोडलीत तरी चालेल. ती भरायला पुस्तकं आहेत, शाळेतले विज्ञानाचे सर-बाई आहेत.

आणि हो, दगड परत ठेवायला विसरू नका!